वाचनालयाला आलेली जुनी पत्रं नेटवर टाकली तर कायद्यात अडकू का?

रविवारचा हमाल:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावात जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथे दर रविवारी फुकट हमाली करतो (शब्द बायकोचा). गेल्या महिन्यात एक वाडा पाडला, त्या घरच्यांनी माळ्यावरच्या दोन ट्रंका आणून दिल्या. आत त्यांच्या आजोबांना आलेली तीनेकशे पत्रं, १९३० ते ६५ च्या आसपासची, थोडी मोडीत, आणि तळाशी तहसीलच्या शिक्क्याची दोन रजिस्टरं, आजोबा तिथेच कारकून होते म्हणे. मला सगळं स्कॅन करून वेबसाइटवर टाकायचंय. कमिटीतले एकजण म्हणतात ट्रंक आपल्याला दिली म्हणजे सगळं आपलं. त्यात न्यू जर्सीचा नातू म्हणतोय निवडक ओरिजिनल पत्रं मला पाठवा, इथल्या युनिव्हर्सिटीत नीट राहतील. काय करू?

कागदकीडा:
कमिटीवाले काका चुकतायत. कागद तुमचा झाला, मजकूर नाही. आजोबांना *आलेली* पत्रं ना, मग कॉपीराइट आजोबांच्या घरच्यांकडेपण नाही, ज्यांनी लिहिली त्यांच्याकडे, म्हणजे तीस जणांनी लिहिली असतील तर तीस घरं शोधा. १९५७ चा कायदा, लेखक गेल्यावर ६० वर्षं. १९५० ला गेला त्याची पत्रं मोकळी, १९८० ला गेला त्याची नाही.

संग्रहवाली:
दादा, शेवटचं गणित हयातीत छापलेल्या लेखनाचं आहे. ही पत्रं कधी छापलीच नाहीत, आणि लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलं की तिथून ६० मोजतात. छापलंच नाही तर मोजणीच सुरू होत नाही!! म्हणून कलम ५२ मध्ये सवलत ठेवलीय, लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयातलं न छापलेलं लेखन, लेखकाला जाऊन ६० वर्षं झाली असतील तर अभ्यासासाठी किंवा छापायच्या हेतूने कॉपी करता येतं. लेखक कोण तेच कळत नसेल तर ही ६० ची अट नाही. आणि जपणुकीसाठी स्कॅन करून हार्डडिस्कवर ठेवायला २०१२ च्या दुरुस्तीपासून सार्वजनिक वाचनालयाला मोकळीक आहे, नफा कमवत नसेल तर. आम्ही असं करतो, यादी सगळी नेटवर (कोणी, कोणाला, कधी), स्कॅन मात्र ज्या वारसांनी लिहून दिलं त्यांचेच, बाकीच्यांनी येऊन टेबलावर बसून वाचा. ट्रंकवाल्यांकडून देणगीपत्र घेतलंत का? नसेल तर आधी ते.

रेकॉर्डरूम_रिटायर्ड:
पत्रांचं चालू द्या, पण बाबा रे ती रजिस्टरं स्कॅनबिन करत बसू नकोस, ती देणगीत येऊच शकत नाहीत, सरकारी अभिलेख आहेत ते. केंद्राचा कायदा १९९३ चा, तो दिल्लीच्या ऑफिसांना, आपल्या राज्याचा वेगळा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात नियम सोडून रेकॉर्ड नष्ट केलं तर ५ वर्षांपर्यंत कैद नाहीतर १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि १८९२ च्या आधीचं तर अगदीच निकामी झाल्याशिवाय नष्ट करताच येत नाही. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा याचं आमच्याकडे अबकड चालायचं, अ कायम, ब ३० वर्षं, क १०, ड एकच वर्ष. वर्ग चुकला की माल रद्दीत. एकदा क चा म्हणून बाजूला टाकलेला गठ्ठा सोडला तर आत गाव नमुना १४, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी! २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला लोक रेकॉर्डरूमच्या पायऱ्या झिजवतायत, तुझ्या रजिस्टरात कुणाची एकुलती एक नोंद असेल तर? तहसीलदारांच्या नावाने पत्र लिही, एक प्रत पुराभिलेख विभागाला, आणि पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नकोस.

कागदकीडा:
@संग्रहवाली ताई, मान्य, माझं चुकलं.
आणि न्यू जर्सीला स्कॅन पाठवा, कागद नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, इतर वस्तूंना १०० वर्षं लागतात पण ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली हस्तलिखितं, दस्तऐवज ७५ लाच पुरावस्तू होतात आणि त्या खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९३० ची पत्रं त्यात बसू शकतात, कुरिअरवाला विचारणार नाही कदाचित, कस्टमवाला विचारेल.

रविवारचा हमाल:
बाप रे. देणगीपत्र नाही घेतलेलं, नुसता चहा पाजला होता. रजिस्टरं परवा घेऊन जातो तहसीलला. काका, पोच आवक टेबलावर मागायची की थेट रेकॉर्डरूमला?

रेकॉर्डरूम_रिटायर्ड:
आवक. शिक्का आणि नंबर दोन्ही बघ. आणि जायच्या आधी प्रत्येक रजिस्टरची पानं मोजून पत्रात लिही.