उत्तर: लॉन कापूनही तुरे का येतात?

दर आठवड्याला लॉन कापूनही तुरे येतात, मग कापणीत काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय. कापणीत फारसं चुकत नसावं. गवताचा वाढता कोंब टोकाला नसतो, तो जमिनीलगत, मोवरच्या पात्याच्या खाली दडलेला असतो. तुरा तिथेच तयार होतो. वर येईपर्यंत पात्याला तो दिसतच नाही. शिवाय सतत कापलं की गवतही शहाणं होतं, दांडा आखूड ठेवून खालूनच तुरा काढतं. गोल्फच्या हिरवळीवर 'पोआ अॅन्युआ' नावाचं गवत जेमतेम 3 मिलिमीटरवर कापलं तरी बी धरतं!

आपल्याकडच्या लॉनमध्ये बहुधा हरळी, म्हणजे आपली दूर्वाच असते. तुरा बोटं पसरलेल्या पंजासारखा दिसत असेल तर बहुतेक तीच. तिला नत्र कमी पडलं, पाण्याचा ताण बसला, पायांखाली माती दडपली गेली की ती पानं सोडून तुऱ्यांच्या मागे लागते. त्यामुळे कापणी वाढवण्याआधी थोडं नत्र द्या आणि रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर पाणी द्या. पातंही बघा. बोथट पात्याखाली चिवट दांडे नुसते वाकतात, नाहीतर फाटून पांढुरके दिसतात. माझ्याकडे अर्धी तक्रार धार लावल्यावरच मिटली.

तुमची हरळी संकरित असेल तर बी पडून रान माजेल ही भीती मात्र फारशी नको. लॉनसाठी विकल्या जाणाऱ्या संकरित हरळीच्या बऱ्याच जाती वांझ असतात, तुरा येतो पण बी भरत नाही.