मलतपासणीवरून औषध ठरेल का?

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांमध्ये मलातले जिवाणू बघून आधीच औषध निवडता येईल का, हा तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. २०१७ सालच्या एका अभ्यासात वेडोलिझुमॅब हे या आजारांवरचं औषध सुरू करण्याआधी ज्या क्रोन्स रुग्णांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता जास्त होती आणि ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू अधिक होते, त्यांचा आजार १४ आठवड्यांनी शांत झालेला जास्त आढळला. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन, त्यामुळे हे पटतंही. पण आहार, अँटिबायोटिक, अगदी जुलाबसुद्धा हे चित्र बदलतात. आणि एका गटावर बसवलेलं गणित दुसऱ्या गटावर अनेकदा चुकतं. म्हणून अशा एखाद्या अहवालावरून चालू औषध कृपया परस्पर थांबवू नका. कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारं मलातलं प्रथिन, कसं बदलतंय, ते मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.