मिडीची वेव्ह करणारं छोटं टूल: विंडो गोठते, आवाज फाटतो

रात्रपाळी:
मंडळी, पायथनमध्ये एक छोटं डेस्कटॉप टूल करतोय, टीकिंटरची (पायथनमधली विंडो बनवायची लायब्ररी) एकच विंडो, मिडी फाइल निवडा, बटण दाबा, वेव्ह म्हणजे आवाजाची फाइल मिळवा, बस. आधी वाटलं मिडी म्हणजे एमपी३चाच जुना भाऊ, सरळ कन्व्हर्ट होईल, मग कळलं की त्या ४० केबीच्या फाइलीत आवाज नसतोच मुळी, नुसती कुठला सूर कधी दाबा-सोडा याची यादी. म्हणून आता एक साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांचे नमुने असलेली फाइल) घेऊन फ्लुइडसिंथ, म्हणजे त्या यादीवरून आवाज तयार करणारा प्रोग्रॅम, पायथनच्या सबप्रोसेसने चालवतोय. वेव्ह होते, पण बटण दाबलं की विंडो काम संपेस्तोवर गोठते, सगळी वाद्यं एकदम वाजतात तिथे आवाज फाटतो, आणि फाइलच्या नावात स्पेस असली तर काहीच होत नाही, एरर पण नाही.

अर्धविराम:
स्पेसचं सोपं आहे, कमांडची एक लांब स्ट्रिंग जोडत असाल, ती सोडा आणि लिस्ट द्या, प्रत्येक पाथ वेगळा. आणि प्रोग्रॅम संपताना देतो तो रिटर्न कोड तपासा हो, आउटपुट गिळून टाकलं तर एरर दिसणार कुठून!
गोठण्याचं कारण म्हणजे तुम्ही सबप्रोसेसचं रन वापरताय, ते प्रोग्रॅम संपेपर्यंत हलत नाही, मग विंडोला रंगवणार कोण. न थांबणारं पीओपन वापरा आणि टीकिंटरच्या आफ्टरने दर २०० मिलिसेकंदांनी पोल करून बघा संपलं का, थ्रेडची भानगडच नको. फक्त आउटपुट पाइपमध्ये घेऊन वाचलं नाही तर पाइप भरतो आणि फ्लुइडसिंथच अडकून बसतो, मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय. सरळ लॉग फाइलीत सोडा.

खर्जातला:
फ्लुइडसिंथचा गेन, म्हणजे आवाजाची पातळी, किती ठेवलाय?

रात्रपाळी:
१. आवाज बारीक वाटला म्हणून वाढवला.

खर्जातला:
तिथेच मेख आहे. डिफॉल्ट ०.२ असतो तो उगाच नाही, वीसेक सूर एकत्र आले की बेरीज १६ बिटच्या मर्यादेबाहेर जाते आणि लाटेचं डोकं सपाट कापलं जातं. एकदा कापलं की नंतर आवाज कमी करून काही परत येत नाही. ०.२ वरच रेंडर करा, मग सगळ्यात मोठं शिखर शोधून त्या हिशोबाने अख्खी फाइल वाढवा. आणि वेव्ह मोठी होते बरं, ४४१०० हर्ट्झ स्टीरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी, पुढे एमपी३ हवं तर एफएफएमपेग या कन्व्हर्टर प्रोग्रॅमला द्या. टूल कुणाला देणार असाल तर साउंडफाँटचं लायसन्स आधी वाचा, सगळेच वाटता येत नाहीत.

रात्रपाळी:
गोठणं गेलं, फाटणं गेलं, दोघांचे आभार! आता नवीनच, टेस्टसाठी मिडो लायब्ररीने स्वतः एक फाइल बनवली, ड्रम त्यांच्या ठरलेल्या १० नंबरच्या चॅनलवर टाकले, तर ड्रमच्या जागी पियानो टणटणतोय.

अर्धविराम:
मिडो शून्यापासून मोजतं. १०वा चॅनल म्हणजे कोडमध्ये ९.

रात्रपाळी:
कपाळ माझं. वाजले ड्रम.