वर्षाचं धान्य भरता का अजून? आपापला अनुभव लिहा

मार्च लागला की नागपुरात इतवारीच्या धान्यबाजारात पाय ठेवायला जागा नसते, आणि आमच्या घरी दरवर्षी तोच वाद. मी म्हणते गहू भरू, हे म्हणतात मोबाइलवरून दहा मिनिटांत घरी येते तर हॉलमध्ये दोन कोठ्या कायले अडवायच्या? खरंच पैसे वाचतात का नुसती सवय आहे आपली? फसलेले किस्से आधी लिहा बाप्पा, वाचलेले पैसे मागून सांगा.

महालची सून
फसलेलाच घ्या मग. लग्नानंतर पहिल्याच वर्षी गहू गच्चीवर चांगला दोन दिवस तापवला आणि संध्याकाळी गरम गरमच कोठीत ओतला. कोठीला आतून घाम फुटला, वरचा थर कुबट, पाऊण पोतं गायीपुढे गेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी फक्त म्हणाल्या, आज रात्रभर निवू दे. तेव्हापासून तसंच. डाळीला एरंडेल लावतो, पण तळहात नुसता ओशट व्हावा इतकंच, जास्त झालं तर वरणाला वास येतो.

तूरवाला भाऊ, मानेवाडा
आम्ही गावाकडून क्विंटलभर तूर आणतो आणि मिलमधून डाळ करून घेतो. मागच्या वेळी ६८ किलो डाळ हाती आली, बाकी चुनी (डाळीचा चुरा) अन् टरफलं. लोकं तुरीचा भाव पाहतात, दुकानातल्या डाळीचा भाव पाहतात आणि खुश होतात, मधली ही तूट, मिलची मजुरी, गाडीभाडं धरतच नाही. सगळं धरून वाचते, पण तुम्हाला वाटते तितकं नाही. चुनीला घेणारा असला तर बरं.

फ्लॅटवाली, मनीषनगर
जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या पोत्यावर नाही. म्हणूनच दुकानात २६ किलोचं तांदळाचं पोतं दिसते. मला किती दिवस वाटायचं एक किलो फ्री देऊन राहिले! आम्ही शेजारच्या वहिनींसोबत अर्धं अर्धं करतो, एचएमटीच घेतो. (हे वाण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलं, घड्याळाच्या कंपनीवरून नाव पडलं, माझ्या पोराला खोटंच वाटते.)

सेलचा मारलेला
माझं ऐका. २०२५ च्या पोळ्याच्या आठवड्यात मोठा सेल, मी हिशोबी माणूस, वर्षाचे साबण, टूथपेस्ट, शाम्पू ट्रॉली भरून आणले, बायकोपुढे छाती फुगवली. २२ सप्टेंबरला ह्याच वस्तूंवरचा जीएसटी १८ चा ५ झाला. सगळी बचत साफ. वर बेडच्या पेटीत साबणांच्या बाजूला शेवयांचा डबा ठेवला होता, दिवाळीला खीर केली तर चंदनाचा वास. अजून अकरा साबण उरले आहेत.

रेशीमबाग, आजी झालेली
गोळ्यांबद्दल लिहायचं राहूनच चाललं म्हणून लिहिते. दुकानदार चिठ्ठीत गुंडाळून धान्यात टाकायच्या गोळ्या देतो, त्या सेल्फॉसच्या असल्या तर घरात आणूच नका. हवेतली ओल लागली की विषारी वायू सुटतो, आणि आता एकाच खोलीत कोठीही अन् आपली खाटही. आम्ही कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला थराथरात घालतो. पोरकिडे झालेच तर चाळायचं, ऊन द्यायचं, नागपूरच्या मे महिन्यापुढे किड्याचं काय चालते?

तिखटवाली, नंदनवन
धान्य सोडलं मी, तिघंच आहो घरी. पण तिखट नाही सोडलं. आम्ही पाच जणी मिळून कळमन्याच्या बाजारातून भिवापुरी मिरची आणतो, रंगासाठी थोडी ब्याडगी. एकीच्या अंगणात पसरून देठं खुडतो, हाताची आग दोन दिवस जात नाही, खोबरेल चोळून झोपायचं. कांडपावर मी समोर उभी राहते, नाहीतर आधीच्याचं उरलेलं आपल्यात येते. बरणीत दाबून भरायचं, मधे हिंगाचे खडे. पाकिटापेक्षा स्वस्त पडते का? खरं सांगू, ओल्या मिरचीचं पोतं लागलं तर नाही पडत, सुकल्यावर वजन उतरते ना. म्हणून मिरची हातात वाजवून घ्यायची, खुळखुळली पाहिजे. यंदा आमच्यातल्या एक काकू पुण्याला गेल्या पोराकडे, त्यांच्या पाच किलोची जागा रिकामी आहे, कोणाला हिस्सा पाहिजे असेल तर होळीच्या आत सांगा.