शाळा सोडली, मग दहावीचं काय?

एका ताईंनी विचारलंय की, मुलांना घरीच शिकवायला शाळेतून काढलं तर दहावीचं काय? दोन वर्षांपूर्वी आम्हीही इथेच अडलो होतो. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हे शाळेत न जाता परीक्षा देता येणारं केंद्र सरकारचं बोर्ड आहे, १९८९ पासूनचं. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, विषय किमान पाच. परीक्षा वर्षातून दोनदा, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे एकेक विषय करत पास होता येतं. माझ्या मुलीसारख्या गणिताला घाबरणाऱ्या मुलांना याचा फार आधार वाटतो.

पण परीक्षेपेक्षा घराचा विचार आधी करा. आमच्याकडे सासूबाई मराठी वाचून घेतात, मी नोकरी अर्धवेळ केली, तेव्हा कुठे जमलं. पैशाची ओढाताण झालीच. सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पक्ष्यांची वही लिहिणं हा मुलीचा सगळ्यात आवडता तास. मैत्रिणी मात्र तुटल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून संध्याकाळचा खो-खो आम्ही कधीच चुकवत नाही.

आणि हो, शाळा सोडल्याचा दाखला नीट जपून ठेवा. मुलांना शाळेत परत जावंसं वाटलं तर लागेल.