मदत हवी आहे: मोबाइलवरून प्रिंट निघते, लॅपटॉपवर मात्र प्रिंटर 'ऑफलाइन'

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, एकाच जागी अडकले आहे, म्हणून इथे विचारते.

मी नागपूरला मानेवाड्यात राहते आणि घरीच दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. १४ मुलं आहेत. दर रविवारी त्यांचा सराव पेपर असतो, तो मी घरच्याच प्रिंटरवर काढते. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, पण तिथे माझीच मुलं येतात. मागच्या वर्षी एकदा तिथून प्रती काढल्या आणि दोघांनी काउंटरवर राहिलेला कागद आदल्या दिवशीच वाचला. त्यांच्यावर मी रागावले नाही, पण बाकीच्यांवर अन्याय झाला आणि पेपर रद्द करावा लागला. तेव्हापासून पेपर घराबाहेर जाऊ देत नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी वावधन आलं, लाइन गेली ती रात्री उशिरा आली. प्रिंटरचं बटण मी दोन दिवसांनी, पेपर काढायच्या वेळी सुरू केलं. तेव्हापासून लॅपटॉप 'ऑफलाइन' दाखवतो. वायफाय तेच, पासवर्ड तोच. माझ्या मोबाइलवरून त्याच प्रिंटरवर प्रिंट निघते. पण पेपरची मांडणी, समीकरणं, आकृत्या सगळं लॅपटॉपवर आहे, मोबाइलवर उघडलं की अपूर्णांकांची ओळ विस्कटते.

केलेले उपाय: लॅपटॉप, प्रिंटर आणि वायफायचा राउटर तिन्ही बंद करून पुन्हा सुरू केले. रांगेत अडकलेल्या प्रिंट रद्द केल्या. प्रिंटर काढून टाकून पुन्हा जोडला. ज्यांनी बर्डीच्या दुकानातून येऊन तो पहिल्यांदा बसवून दिला होता, त्यांनी कागदावर १९२.१६८.१.५ असा आयपी पत्ता (घरच्या वायफायवरचा प्रिंटरचा क्रमांक) लिहून ठेवला होता, तोच पुन्हा टाकला. त्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे तिथे कुणी यंत्र आहे का अशी लॅपटॉपवरून हाक मारली, तर व्यवस्थित उत्तर येतं. म्हणजे प्रिंटर तिथे आहे ना? मग प्रिंट का जात नाही? लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. रविवारच्या आत सुटलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद, वर्ध्याहून:

ताई, आधी यूएसबी केबल लावून पाहा, ती प्रिंटरच्या बाजूला चौकोनी तोंड असलेली. केबलने निघाली तर प्रिंटर आणि ड्रायव्हर (लॅपटॉपवरचं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही ठीक, बिघाड वायफायच्याच वाटेत. आणि एक शंका: बरेचसे घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. तुमचा लॅपटॉप ५ वर असेल तर भेट होत नसेल.

प्रतिसाद, धरमपेठहून:

२.४ आणि ५ ची शंका इथे लागू होईल असं वाटत नाही. एकाच राउटरचे दोन्ही पट्टे सहसा एकाच जाळ्यात असतात, एकावरचं यंत्र दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतं. लॅपटॉप चुकून 'गेस्ट' वायफायवर गेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण गेस्टवरच्या यंत्रांना घरातली बाकी यंत्रं दिसू नयेत अशीच सोय असते. तेवढं बघून घ्या. लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्याशी इंटरनेटवरून जोडणारी सोय) चालू असलं तरी असं होतं.

धागाकर्ती:

केबलने लगेच निघाली! निदान जीव भांड्यात पडला. पण लॅपटॉप बैठकीत आणि प्रिंटर आतल्या खोलीत, रोज हे जमणार नाही. गेस्ट नाही, व्हीपीएन नाही. दोघांचं वायफाय नाव एकच आहे.

प्रतिसाद, पुण्याहून (मूळचा महालचा):

ताई, तुमच्या प्रश्नात उत्तर जवळपास आलेलंच आहे. काहून टेन्शन घेऊन राहिल्या, होऊन जाते काम. एवढं करा: प्रिंटर भिंतीवरच्या बटणापासून पूर्ण बंद करा आणि मग १९२.१६८.१.५ ला पुन्हा पिंग करा. काय येतं ते इथे लिहा.

धागाकर्ती:

प्रिंटर बंद आहे. तरी पिंगची चारही उत्तरं आली. हे कसं शक्य आहे?

प्रतिसाद, पुण्याहून:

मग त्या पत्त्यावर तुमचा प्रिंटर राहतच नाही. दुसरं कुणीतरी राहायला आलं आहे.

घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता राउटर वाटतो. हे वाटप काही काळापुरतं असतं, कायमचं नाही. लाइन गेली की राउटरही बंद पडतो, आणि बऱ्याच घरगुती राउटरची वाटपाची यादी तेव्हा पुसली जाते. लाइन आल्यावर जो आधी मागेल त्याला जो मोकळा असेल तो पत्ता मिळतो. तुमचा प्रिंटर दोन दिवस बंद होता, तेवढ्यात ५ क्रमांक दुसऱ्याला गेला. प्रिंटर उठला तेव्हा त्याला वेगळा मिळाला.

मोबाइल दर वेळी जाळ्यात हाक मारून नावाने प्रिंटर शोधतो, म्हणून त्याला काही फरक पडला नाही. तुमच्या लॅपटॉपवर बसवणाऱ्यांनी ठरावीक पत्ता टाकून ठेवला होता. तो बिचारा अजून जुन्याच दारावर जातो. तिथे पिंगला उत्तर मिळतं, पण प्रिंटचा मजकूर जातो ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या पत्त्यावरच्या एका ठरावीक खिडकीवर, आणि नव्या भाडेकऱ्याकडे तो पोर्ट उघडाच नाही. तुम्ही प्रिंटर काढून पुन्हा जोडला, पण पत्ता तोच टाकला, त्यामुळे पुन्हा तिथेच पोचलात.

आता प्रिंटर सुरू करा. त्याच्या मेनूतून किंवा माहितीच्या बटणाने नेटवर्कचा कागद काढा, त्यावर आजचा आयपी पत्ता असेल. मग लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, त्यात प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तुमचा प्रिंटर, प्रिंटर प्रॉपर्टीज, आणि तिथे पोर्ट्सचं पान. खूण असलेली ओळ निवडून 'कॉन्फिगर पोर्ट' दाबा आणि नवा पत्ता लिहा. त्याच खिडकीत 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' (प्रिंटरची स्थिती विचारत राहण्याची सोय) अशी चौकट असते. पत्ता बरोबर असूनही ऑफलाइन दिसला तर तिची खूण काढा.

पण इथे थांबू नका. उद्या पुन्हा लाइन जाईल आणि पुन्हा हेच होईल. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटपाच्या, सेटिंगमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा. प्रिंटरचा मॅक पत्ता, म्हणजे दोन-दोनच्या सहा जोड्यांचा तो क्रमांक, त्याच नेटवर्कच्या कागदावर असतो. तो आणि आयपी तिथे जोडून ठेवा, मग राउटर तो पत्ता दुसऱ्याला देणार नाही.

धागाकर्ती:

निघाली! कागदावर १९२.१६८.१.९ आला. पोर्टमध्ये ५ च्या जागी ९ केला आणि रांगेत राहून गेलेलं एक पान आधी बाहेर आलं.

राउटरच्या यादीत पाहिलं तर ५ वर आमचा टीव्ही आहे. लाइन आल्याआल्या सासूबाईंनी तो लावला होता, हे आता आठवलं. रिझर्व्हेशन केलं आहे. मुद्दाम राउटर बंद केला, दहा मिनिटं थांबले, टीव्ही आधी सुरू केला, प्रिंटर नंतर. तरीही ९ च मिळाला.

पुण्याच्या दादा, प्रिंटर बंद करून पिंग करायला सांगितलंत तिथेच सगळं उलगडलं, मनापासून आभार. वर्धा आणि धरमपेठकरांचेही, केबलमुळे निम्मी काळजी गेली होती.

प्रतिसाद, धरमपेठहून:

यजमानांच्या लॅपटॉपवरून प्रिंट काढत असाल तर तिथेही पोर्ट बदलावा लागेल. राउटरमधलं रिझर्व्हेशन सगळ्यांसाठी आहे, पण जुना पत्ता प्रत्येक लॅपटॉप आपापला धरून बसतो.

धागाकर्ती:

बरं झालं सांगितलंत, त्यावर अजून ५ च होता. बदलला. बर्डीच्या त्या कागदावरचा आकडाही खोडून ९ लिहिला आणि प्रिंटरच्या मागे चिकटवला. रविवारच्या पेपरच्या १४ प्रती काढून कपाटात ठेवल्या आहेत.