एकविसावा दिवा

सुहास काका: चवथीला तीन आठवडे राहिले. बाप्पाच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची ती माटोळीची चौकट आज माळ्यावरून काढून धुतली. एक आत्ताच सांगून ठेवतो, यंदा विकतचं दिव्यांचं तोरण नको. गेल्या वर्षी आंबाड्यांवरचं पाणी ठिबकून वायरवर पडलं आणि वैशालीला झटका बसला. अजून अंगावर काटा येतो.

शोभा आत्या: खरंय. पण मग बाप्पा काय अंधारात बसणार?

निनाद: आत्या, तोरण मी आणि रेवा करतोय. तीन पेन्सिल सेल, 4.5 व्होल्ट. ओला हात लागला तरी भीती नाही, आणि लाईट गेली तरी चालूच राहील.

आबा: किती दिवे?

निनाद: वीस.

आबा: वीस कशाला? मोदक एकवीस, दूर्वा एकवीस. दिवेही एकवीसच हवेत.

निनाद: आबा, दिवे चालवणारी चिप वीसवर अडते. एटीटायनी 85 आहे, आठ पायांची, करंगळीच्या नखाएवढी. दोन पाय सप्लायला जातात, एक रीसेटचा, म्हणजे चिप पुन्हा सुरू करायचा. उरले पाच, म्हणून पाच तारा.

वैशाली वहिनी: पाच तारांवर वीस दिवे? प्रत्येकाला वेगळी तार लागत नाही?

निनाद: हे रेवाने स्वतः शोधलंय. तिलाच सांगू दे.

रेवा (आईच्या फोनवरून): आम्ही पाच जण बाल्कांवात (ओसरीवर) उभे राहिलो. सगळ्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, तर दहा वेळा झालं. मग दादा म्हणाला, हात नको, एकमेकांना सुपारी द्या. मी काकांना दिली ती एक आणि काकांनी मला दिली ती दुसरी. असे वीस झाले! एलईडीतून वीज एकाच बाजूने जाते. म्हणून दोन तारांच्या मध्ये दोन एलईडी लावायचे, एक सुलट आणि एक उलट.

सुहास काका: शाबास गे बाय!

निनाद: पाच गुणिले चार, वीस. चार्लीप्लेक्सिंग म्हणतात याला. चार्ली अ‍ॅलन नावाच्या इंजिनियरने 1995 साली मांडलेली युक्ती. चिप एका तारेला प्लस देते, एकीला मायनस, बाकीच्या तीन सोडून देते. म्हणजे एका क्षणी एकच दिवा पेटतो. पण प्रत्येकाची पाळी सेकंदाला शंभर वेळा येते, त्यामुळे डोळ्यांना वीसही एकदम दिसतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, तरी मी रेवाला उठवून दाखवलं.

वैशाली वहिनी: आणि ती सकाळी शाळेत पेंगत होती. पण तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

आबा: मग सहावी तार घे. सहा गुणिले पाच, तीस होतील.

निनाद: सहावा पाय रीसेटचा आहे. तो दिव्यांना दिला तर प्रोग्राम भरायच्या माझ्या साध्या यंत्राने चिपमध्ये पुन्हा काही भरता येणार नाही. एक चूक राहिली तर चिप वायाच.

शोभा आत्या: आबा, तोवर मला सांगा, तुमचं परवाचं गणित मी सोडवतेय, सहाव्या पायरीवर अडकलेय.

आबा: 1961 घेतलं होतं ना, गोवा मुक्तीचं साल? आकडे उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या, आणि वजा कर.
9611 − 1169 = 8442
8442 − 2448 = 5994
9954 − 4599 = 5355
5553 − 3555 = 1998
9981 − 1899 = 8082
8820 − 0288 = 8532
8532 − 2358 = 6174
तुझा पुढचा शून्य राहिला असणार. 0288 असंच लिहायचं. 6174 च्या पुढे कितीही वजा कर, 6174 च येतं. चारही आकडे सारखे नसले की कुठलीही चार आकडी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचते. आपल्या मुक्तीच्या सालाला सातही लागतात, याचा मला फार आनंद वाटतो. हे 1949 मध्ये शोधलं देवळालीच्या एका शाळामास्तरांनी, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर त्यांचं नाव. कागद, पेन्सिल आणि चिकाटी, एवढ्यावर.

रेवा: दादा, तोरण चालू केलं की आधी सहा दिवे लागू देत, मग एक, मग सात, मग चार. मग सगळे!

निनाद: होईल. आजच प्रोग्राममध्ये घालतो.

आबा: आणि एकवीस म्हणजे एक अधिक दोन अधिक तीन असं सहापर्यंत. सहा ओळी, वर एक, तळाला सहा. मंगेशीच्या दीपस्तंभासारखं निमुळतं दिसेल. वीसचा असा त्रिकोण होतच नाही.

रेवा: होतो की आबा, फक्त शेंड्याचा नसतो! तो चिपला नकोच जोडायला. सरळ सेलला जोडूया. बाकीचे लुकलुकतील आणि तो तेवत राहील.

आबा: नंदादीप.

शोभा आत्या: माझ्या डोळ्यांत पाणी आलं गे.

सुहास काका: सेल पुरतील ना?

निनाद: सगळं मिळून साधारण 20 मिलिअँपिअर. सेलमध्ये 2000 मिलिअँपिअर-तास धरले तर शंभर तास. शेवटी जरा मंद होतील, पण आपला गणपती दीड दिवसाचा, म्हणजे फार तर 36 तास. पावसात तारांच्या डाखलेल्या सांध्यांवर हिरवा थर चढतो, त्यासाठी वहिनीचं नेलपॉलिश लावतोय.

वैशाली वहिनी: पारदर्शक बाटली घे, लाल नको.

आबा: शेंड्याचा दिवा रेवाच जोडू दे.

निनाद: तीच जोडणार. काल तिने तीन सांधे केले. दोन चकचकीत आले, एक थंड राहून खरबरीत झाला, तो तिने स्वतःच ओळखून परत तापवला.

शोभा आत्या: मी रविवारी येतेय. मडगावहून काही आणू?

निनाद: 470 ओहमचा रेझिस्टर, शेंड्याच्या दिव्यातली वीज आवरायला. दोन आण. आणि पिवळा एलईडी, बाकीचे वीस पिवळेच आहेत.